म्हणणे

ईरी शहरात, सरोवराच्या काठी, चॅनेलच्या इमारतीत
शुक्रवारी रात्री फोनपाशी मी एकटी.
वरच्या मजल्यावर हवामान सांगणारा
टाय सैल करून डुलक्या घेतोय.
त्यानं न सांगितलेला बर्फ बाहेर पडतोय.
माझ्यापुढे हिरव्या पुठ्ठ्याची वही :
वेळ, नाव, म्हणणे.
'म्हणणे'चा रकाना चार बोटं रुंद.
माणसाचं म्हणणं तेवढ्यात मावतं, असं
वही छापणाऱ्याला वाटलं असावं.

दहाला मालिका सुरू होते.
दहा वाजून चार मिनिटांनी मिसेस व्रोबेल.
"हे असलं दाखवता? त्या मुलीचे बूट नुसते,
ओळीनं लावलेले, दारापाशी.
रक्ताचा एक थेंब नाही.
थेंब असता तर मी डोळे मिटले असते."
मी लिहिते : बूट. आक्षेप.
"थांब, ठेवू नकोस, जाहिराती संपल्या,"
आणि आम्ही दोघी गप्प,
तिच्या घरातला टीव्ही ऐकत.

मग ड्वेन हॅकेट, शवागारातून निवृत्त.
रक्त इतका वेळ लाल राहत नाही हो, म्हणतो,
तपकिरी पडतं, जुन्या बिजागरीसारखं.
सांगा तुमच्या कॅलिफोर्नियावाल्यांना.
मी कुणाला सांगणार?
कॅलिफोर्नियात माझं कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही.
पण लिहिते : बिजागरी.

एका बाईनं नाव सांगितलं नाही.
खुन्याच्या स्वयंपाकघरातले पडदे
हुबेहूब तिच्यासारखे, पिवळे, लिंबांची नक्षी.
"काढले मी आत्ता, खुर्चीवर चढून.
पण आता काच उघडी पडली,
आणि बाहेर नुसता काळोख.
परत लावू का?"
मी म्हटलं, लावा.
म्हणाली, तुम्ही बघत नाही वाटतं ही मालिका.

एक पोरगा, आवाज नुकता फुटलेला :
पोलिसापेक्षा तो खुनीच बरा,
समोरच्याचं ऐकून तरी घेतो.
मागून कुणीतरी ओरडलं
आणि फोन आपटला.
त्याची वेळ लिहिली. पुढचं नाही.

बाई खरं बोलली होती.
टीव्ही आहे बातम्यांच्या खोलीत,
फोनची वायर तिथवर पोचत नाही.
तीन हिवाळे मी ही मालिका
लोकांच्या श्वासांवरून ओळखतेय.
माझ्या खुन्याला कुणी चष्मा दिला, कुणी लंगडा पाय,
कुणी म्हणालं, अगदी आमच्या दाजींसारखा हसतो.
घरी जाताना, गाडीची काच खरवडताना,
तो माझ्या मागे उभा असतो
इतक्या जणांचा मिळून झालेला,
आणि मला त्याचे फक्त हात नीट माहीत आहेत.

मार्चमध्ये वरून कागद आला.
मालिका बंद. त्या जागी
कुटुंबांनी खेळायचा बक्षिसांचा खेळ.
हॅकेटचा फोन नाही. पडदेवालीचा नाही.
मी नखं कापली. वही उघडून ठेवली.
दहा वाजून चार मिनिटं.

"कुठे गेली ती?" मागे टाळ्यांचा पाऊस.
संपवली, मिसेस व्रोबेल.
"पण तो सापडला कुठे अजून?"
नाही सापडला.
"म्हणजे मोकळाच आहे."
टाळ्या. कुणाला तरी फ्रीज मिळाला.
"तीन वर्षं मी तुला सांगत होते, बंद करा, बंद करा.
असं अर्ध्यावर करा म्हणाले होते का?"

मला वाटलं, आता ठेवेल.
ठेवला नाही. मीही नाही.
बर्फावर मीठ टाकणारी गाडी
तिच्या गल्लीतून गेली, मग बऱ्याच वेळानं माझ्या.
"दार लावलंयस ना नीट?"
मी उठून पाहून आले. लावलं होतं.
तिला तसं सांगितलं,
आणि वहीत लिहिलं :
टाळ्या. आक्षेप.